सासूबाईंची दाढ

लग्नाला काही वर्षं झाली तरी सासूबाईंच्या लेखी मी बाहेरचीच होते. अंबाजोगाईहून शिरूर कासारच्या बाजूला आले, म्हणजे जणू विलायतेहून आले. आमटीत मीठ कमी पडलं की "बाहेरचीला काय कळतंय", जास्त पडलं तरी तेच. येसराच्या डब्याला तर हात लावायची सोय नव्हती. भाजलेल्या डाळी-धान्याचा तो मसाला त्या स्वतः कुटायच्या आणि डबा स्वतःच्या खाटेखाली ठेवायच्या. मला एकदा तरी येसर करायचं होतं. त्या डब्याचा मला भयंकर राग यायचा.

त्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या मोडलेल्या वस्तीच्या टेकाडावर पुण्याचे लोक उकरायला आले. त्यांच्यातला एक संशोधक आमच्या ओसरीवर राहायचा आणि माझ्या हातचं निमूट जेवायचा. टेकाडात जुने सांगाडे निघाले तेव्हा सासूबाई जाऊन त्यांना बेल वाहून आल्या. आमच्यात माणसाला पुरतात, त्यामुळे पुरलेला दिसला की तो आमचाच, असा त्यांचा कायदा.

"आजी, ही भटकी माणसंही असतील, गुरं घेऊन फिरणारी," संशोधक म्हणाला. "दातांवरून कळेल. लहानपणी जिथलं पाणी पितो, तिथल्या मातीची खूण दातात राहते. पुढे माणूस कुठंही गेला तरी ती पुसत नाही."

"भटकी कावून असतील? आमचे पणजे हायत ते."

ताडून पाहायला त्याला गावच्याच पाण्यावर वाढलेल्यांचे दात हवे होते. शेळीचा मिळाला होता, माणसाचा मिळत नव्हता. सासूबाई तरातरा आत गेल्या आणि मिश्रीच्या डबीतून आपली पडलेली दाढ घेऊन आल्या. सासऱ्यांच्या दुकानात तेव्हा टूथपेस्टच्या नव्या नव्या नळ्या लटकायला लागल्या होत्या, पण ह्या मिश्रीवर ठाम. दाढ काळी कुळकुळीत होती.

"तुम्ही इथल्याच ना?" त्यानं विचारलं.

"मग कुठली असंन? हे घे, अस्सल ह्या गावचं पाणी." मग माझ्याकडे बघून, "हिचा नको घिऊस. ही बाहेरची हाय."

मी दातओठ खात भाकरी थापली.

पुढच्या वर्षी संशोधक परत आला तो तोंड पाडूनच. दात परदेशी प्रयोगशाळेत जाऊन आले होते.

"सांगाडे इथलेच निघाले," तो म्हणाला. "ते आणि शेळी अगदी एका गावचे. भटकी निघाली ती फक्त तुमची दाढ, आजी. ती खाली कर्नाटकाकडची आहे."

ओसरीवर सासरे सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली. "गुलबर्ग्याकडची हाय की ती. लगीन करून आणली तवा परकरी पोर होती. मराठी कुठं येत होतं तिला?"

सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट, आणि सगळेच विसरलेले. सासूबाईसुद्धा. मी भिंतीकडे तोंड करून भरपूर दात काढले.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "म्हंजे माज्या माहेरचं पानी हाय व्हय त्या दाढंत, अजून?"

"होय."

"मग दे माजी दाढ."

तपासणीसाठी तिची पूड करावी लागली होती. ती आता उरलीच नव्हती. त्यानं हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं, आणि ह्या बाईसाठी वाईट वाटतंय ह्याचा रागही आला.

जेवणं झाल्यावर त्या येसराचा डबा घेऊन चुलीपाशी आल्या.

"माजी आई येसरात कारळं घालायची," त्या म्हणाल्या. "लई वास यायचा. हितं आल्यावर घालाया गेले तर सासूनं हात धरला. बाहेरची म्हनली."

त्यांनी डबा माझ्यापुढं सरकवला.

"औंदा तू कर. आन् कारळं घाल."