पेशी, पण दुर्गची नाही

काकांचा फोन आला तेव्हा मी सिविक सेंटरला चष्म्याच्या दुकानात होते. "तुझी काकू गेली, वंदना... चहा झाला, पेपर उघडला आणि गेली." त्याला आता महिना होऊन गेला. तरी कोणी 'पेशी' म्हटलं की मला रडू नाही, हसूच येतं.

मालतीकाकू आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. काका रेल्वेत, काकू नागपूरकडच्या, प्राणिशास्त्र शिकलेल्या. मी बारावीत होते. मुलूख हिंदी म्हणून शाळा हिंदी, घरात मराठी, आणि घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. जीवशास्त्राने माझी झोप उडवली होती. नापास झालीस तर शिक्षण बंद, असं बाबांनी बजावलं होतं. आई मला काकूंकडे घेऊन गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या ये. उद्या पेशी घेऊ." मी गारच झाले. आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख! बाबा जमिनीच्या भांडणापायी दुर्गच्या कोर्टात पेशीला जायचे आणि तोंड पाडून परतायचे. दुसऱ्या दिवशी मी साक्षीला आईला सोबत नेलं.

"आई कावून आली? कशासाठी?" काकूंनी विचारलं.

"पेशी हाय म्हणाल्या न तुम्ही..."

काकू पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. "अगं बाई, पेशी म्हणजे तुमच्या हिंदी पुस्तकातली कोशिका! पण थांब, तुझं कोर्टच बरं आहे." मग त्यांनी मला दाराच्या जाळीपाशी उभं केलं. वारा आत येतो, डास बाहेर राहतात. पण जाळी फक्त आकार बघते, पेशीपटल जिवंत असतं. मेदाचे दोन थर, त्यांत बसवलेली प्रथिनांची दारं. प्राणवायू कोणाला न विचारता आत शिरतो. साखरेला मात्र दारातूनच यावं लागतं, कोर्टाच्या चपराशाने नाव पुकारल्यासारखं. आणि सोडियम घुसलं, तर ऊर्जा खर्चून त्याला बाहेर काढावं लागतं.

"म्हणजे चपराशी सतत काम करून राहिला?"

"हो, तुझ्यापेक्षा जास्त!"

तेव्हापासून मी जाळीपाशी दिसले की त्या आतून पुकारायच्या, "वंदना हाजिर हो!"

प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं विचारलं, "कोशिका झिल्ली का काम बताओ," म्हणजे पेशीपटलाचं काम. पुस्तकातली व्याख्या आठवेना. मग मी कोर्ट, चपराशी, पुकारा, सगळं सांगून टाकलं. सरांनी पेन खाली ठेवलं. "और बिना बुलाए कौन घुसता है?"

"ऑक्सीजन, सर!"

ते हसले आणि मी सुटले. पुढे बी.एस्सी. झाले, तेव्हा बाबा पेढे घेऊन काकूंकडे गेले. जमिनीचा दावा ते तोवर हरले होते. "वहिनी," ते म्हणाले, "एक पेशी तरी आम्ही जिंकलो."

परवा काकांना भेटायला गेले. जाळीपाशी चपला काढल्या आणि सवयीने पुकाऱ्यासाठी थांबले. मग काकांनी घसा खाकरला आणि त्यांचा बसका आवाज आला, "वंदना हाजिर हो!"

मी आत पाऊल टाकलं.

"दार लाव बरं लवकर," ते म्हणाले, "डास येऊन राहिले."