तुमच्यासाठी काय मागू?

रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर मार्थाबाईंनी माझा हात धरला. "देवानं तुमची प्रार्थना ऐकली, सर. नात कालच घरी आली."

नात इस्पितळात होती तेव्हा "प्रार्थनेत आठवण करा" असं त्या म्हणाल्या होत्या, आणि "रोज करतो" म्हणून मी मोकळा झालो होतो. एकदाही केली नव्हती. सकाळी माझा हात आधी फोनकडे जातो, मग चहाकडे, मग पेपरकडे. बायबलमधली लाल फीत नाताळपासून त्याच पानात आहे. वेळच मिळत नाही, असं मी बायकोला सांगतो, स्वतःलाही. न केलेल्या प्रार्थनेचे आभार मात्र मी मान हलवून घेतले.

मार्थाबाई चार घरची धुणीभांडी करतात. पहाटे पीठ मळता मळता त्या एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करतात, हे आमच्या सगळ्या मंडळीला ठाऊक आहे.

"तुमचं नाव रोजच घेते," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी काय मागू?"

"वेळ मागा," हे अगदी ओठांवर आलं होतं. पण पाण्यानं भेगाळलेली त्यांची बोटं अजून माझ्या हातात होती, आणि मला ते म्हणवेना.