आमच्या विभागाचं इंग्रजी नाटक

धानाची रोवणी आटोपल्याशिवाय आमच्या इंग्रजी विभागाचं वर्ष सुरू व्हायचं नाही. तोवर वर्गात मी आणि पंखा. मग पोरंपोरी चिखलाने सोललेली बोटं घेऊन यायची आणि मी त्यांना ‘इंग्रजीत बोला’ म्हणून दटावायची. निवृत्तीनंतर त्या दटावण्याचीसुद्धा आठवण येते. सगळ्यात जास्त येते ती एका वर्षाची.

त्या वर्षी बी.ए.च्या शेवटच्या वर्गात चिचगडकडची एक मुलगी होती. शिक्षक दिनाला तिने माझा तास घेतला आणि माझीच अशी नक्कल केली की रागवायचं सोडून मी हसत बसले. भित्तिपत्रक तिच्या अक्षरात, कोजागिरीचं दूध तिने आटवलेलं, नवेगावबांधच्या सहलीत भेंड्याही तिच्याच. तिला एम.ए. करायचं होतं. तिच्या बाबांचं मात्र ठरलं होतं, बी.ए. झालं की घरी.

धान निघाल्यावर ते एकदा कॉलेजात आले, तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, “काऊन थांबवता तिला?”

“मॅडम, इंग्रजी शिकून हे का करन? आमाले तं तिचं एक अक्षर समजत नाही.”

“मग स्नेहसंमेलनात तिचं नाटक पाहा. नाही पटलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही.”

ते गेल्यावर लक्षात आलं, नाटक तर इंग्रजीत! आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता.

नाटक मुलांनीच लिहिलं होतं. शेवटी नायिका बापाच्या मांडीवर मरते, एवढीच त्याची गोष्ट; नायिका हीच. हिचे बाबा खांद्यावर दुपट्टा टाकून पहिल्या रांगेत बसले. पहिल्या प्रवेशात त्यांनी जांभई दिली, दुसऱ्यात आणखी एक. माझा जीव टांगणीला लागला.

पोरगी मेली आणि ते ताडकन उठले. मला वाटलं, निघाले घरी. पण ते चढले थेट रंगमंचावर. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, तिथल्या नाटकात एखाद्याचं काम आवडलं की माणूस खेळ चालू असतानाच वर जातो, कलाकाराच्या कपड्याला नोट टाचतो आणि माईकवर दोन शब्द बोलतो. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. पण मरणाच्या प्रसंगात? इंग्रजी नाटकात? प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले. असा संताप आला होता मला!

तेवढ्यात प्रेत उठून उभं राहिलं. पदराला नोट टाचून घेतली, बाबांच्या पाया पडलं आणि पुन्हा जागेवर जाऊन नीट मेलं. सभागृह खदखदून हसलं.

बाबांनी माईक हातात घेतला. “भाषा मले समजली नाही,” ते म्हणाले, “पन पोरगी मेली तं माहा जीवच गेला.”

हसणं थांबलं. त्यांनी दुपट्ट्याने डोळे पुसले आणि तिथूनच मला विचारलं, “मॅडम, याच्या पुढं अजून कोनती शाळा रायते हिच्यासाठी?”

आयुष्यभर बोलण्याचाच पगार घेतलेली मी, उत्तर द्यायला उभी राहिले.

पण मेलेल्या पोरीनेच डोळे न उघडता सांगितलं, “एम. ए., बाबा.”