माझ्यासाठी रडून दाखव

झरीला दिलेली माझी थोरली बहीण वारली. आमच्याकडं मयतीला आलेली बाई दारातूनच हेल काढून रडते, आणि त्या रडण्यात गेलेलीचा सगळा जन्म सांगते: कुणाची बाळंतपणं केली, कुणाच्या ताटात आपली भाकर वाढली. ते ऐकून नातवंडांना कळतं, आपली आजी कोण होती.

मीही पदर तोंडाला लावला. निघालं काय, तर "ताई, तू आम्हाला सोडून गेलीस!" जन्मभर जिला अक्का म्हटलं, तिला ताई! ओसरीवरच्या बायकांनी माना वळवल्या. एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "ही कोण आली गं? मास्तरीणबाई हाय का काय?"

मास्तरीण कसली! ही सगळी करणी पेडगावहून लगीन होऊन परभणीत आलेल्या एका दीडशहाण्या पोरीची, म्हणजे माझीच. दोन खोल्यांचं घर काय मिळालं, बाई राणी झाल्या. दूधवाल्याला म्हणायची, "आपण उद्या लवकर याल का?" तो बिचारा मागं वळून बघायचा, कुणाला बोलायलीय म्हणून. लेकीच्या तोंडून 'लय' निघालं की डोळे वटारायची. माझी आई आली की तिला पाहुण्यांसमोर बोलू द्यायची नाही. काय तो तोरा!

झरीत लेक माझ्याशेजारी नुसती डोळे पुसत उभी होती. घरी आल्यावर मी म्हटलं, "आता माझा नंबर. जरा रडून दाखव बरं."

"आई! काय अभद्र बोलतेस?"

"अगं, जिती हाय तोवर ऐकते तरी. मेल्यावर चुकलीस तर कोण सांगायलंय?"

ती माझं मन राखायला म्हणाली, "आई, तुझी खूप आठवण येईल."

"रडायलीस का बातम्या द्यायलीस?"

दोघी हसलो. लय हसलो. मग ती हळूच म्हणाली, "तूच शिकव ना."

मी मांडी घालून बसले. "म्हण, माझे माय गं, तुझ्या दारी..." हेल बरोबर लागला, अगदी माझ्या आईसारखा. पुढं शब्दच येईनात. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथंच अडकले.

"दारी काय, आई?"

"थांब, आठवायलेय."

लेक माझ्या तोंडाकडं बघत राहिली. हे सगळं अक्काला येत होतं. आईच्या मयतीला तीच रडली होती, मी तिच्यामागं नुसता हुंकार भरला होता. विचारावं म्हटलं तर तिला दुपारीच पोचवून आलो होतो.