मला उचलवेल अशी बॅटरी

माझे यजमान इंदापुरात वकिली करत. कोर्टात ते पायीच जात, पण मोटारीचा नाद भारी. हौसेनं घेतलेल्या जुन्या, उघड्या मोटारीत रविवारभर डोकं खुपसून बसत. मलाही त्यांनी गाडी चालवायला शिकवली होती.

त्या हिवाळ्यात बॅटरी बाद झाली. ती उतरवताना ह्यांची कंबर धरली. डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली.

"विकून टाकू गाडी," हे अंथरुणावरूनच म्हणाले.

मी प्रवासी सर्व्हिस मोटारीनं बारामती गाठली. तिथल्या बॅटरीच्या दुकानात मिस्त्रींनी नवी बॅटरी पुढ्यात ठेवली. मी दोन्ही हातांनी उचलून पाहिली. जेमतेम वीतभर उठली.

"ही नको. चार्जिंगला आणायची तर मलाच आणावी लागणार. मला उचलवेल अशी द्या."

"हलकी हाय एक, पन फटफटीची. हिच्यावर सेल्फ-स्टार्टर फिरायचा न्हाय, बाईसाहेब."

"व्होल्ट तेवढेच ना? दिवे लागतील?"

"व्हय, लागतील. जरा मंद."

"आणि हँडल मारून इंजिन सुरू केलं तर?"

"चालंल की. ठिणगी तुमच्या मॅग्नेटोची हाय, तिला बॅटरी लागत न्हाय. पन हँडल मारनार कोन?"

"मी."

त्यांनी माझ्या नऊवारीकडे पाहिलं. मग हसू आवरून म्हणाले, "अंगठा बोटांच्याच बाजूला ठिवा. हँडल उलटं आलं तर मनगट मोडतंय."

आतलं ॲसिड सांडू नये म्हणून परतताना बॅटरी पायांत घट्ट धरून बसले. अंथुर्ण्याच्या पुढं रस्ता असा उखडलेला, की पोटऱ्या भरून आल्या.

दुसऱ्या दिवशी बॅटरी मीच बसवली आणि पदर खोचून हँडल मारलं. इंजिन नुसतं खोकलं. पुन्हा मारलं, तर हँडल उसळून कोपराखाली बसलं. डोळ्यांत पाणी आलं.

"पुरे झालं गं," हे भिंतीला धरून दारात उभे होते.

"नाही. आज सुरू करणारच."

हे हळूहळू येऊन गाडीत बसले, स्टिअरिंगच्या चाकाजवळचा खटका सरकवला. "ठिणगी मागं घेतली आहे, हँडल उलटं यायचं नाही. आता मार."

तिसऱ्यांदा सगळं अंग टाकून मारलं, आणि इंजिन धडधडायला लागलं. हे आपणहून पलीकडे सरकले. मी चाक हातात घेतलं आणि निमगावच्या वाटेला लागले.

पुढं कित्येक वर्षं ती बॅटरी मीच बारामतीला नेली-आणली. दिवे मिणमिणतेच राहिले. आम्ही दिवस मावळायच्या आत घरी येत असू.