साचेवाल्यांची बिनआवाजाची बोली

विद्यापीठाच्या संशोधन सप्ताहात काम मांडायला मला एक टेबल मिळालं, तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. शेजारच्या टेबलांवरची पोरं मला मॅडम म्हणून उठून उभी राहत होती. अरे बाबांनो, मीही विद्यार्थीच आहे, असं दहादा सांगून थकले. विमा कंपनीतली नोकरी सांभाळून पाच वर्षं पीएचडी करत होते. विषय होता गिरणीच्या साचाखात्यातली खुणांची बोली.

साचाखातं म्हणजे कापड विणायचे साचे चालत ते खातं. शेकडो साचे एकदम खडखडायला लागले की शेजाऱ्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून साचेवाले हातांनी आणि ओठांनी बोलत. माझे बाबा त्यातलेच. लालबागला आमच्या समोरच्या चाळीत राहणारे काका तेव्हा बाबांच्या समोरच्याच साच्यावर होते. आता दोघांनाही कमी ऐकू येतं, पण आपापल्या गॅलरीत उभे राहून अख्ख्या चाळीची उणीदुणी काढतात आणि कुणाला पत्ता लागत नाही.

पीएचडीचं काम तपासणाऱ्या समितीला मात्र हे काही पटत नव्हतं. या नुसत्या आठवणी झाल्या, पुरावा कुठाय? माझ्या मार्गदर्शक बाईंनी स्पष्टच सांगितलं, सप्ताहात समिती टेबलापाशी येईल, तिला पटलं तर ठीक, नाहीतर विषय बदल. पाच वर्षं घालवल्यावर विषय बदल! माझं डोकंच सणकलं. पुरावा हवाय ना, मग आणून बसवतेच, म्हटलं, आणि बाबांना नि काकांना टॅक्सीत घालून घेऊन गेले.

काय बोलायचं याची बाबांकडून आठवडाभर तालीम करून घेतली होती. काका म्हणाले, मला कुणी काही विचारलं की घाम फुटतो, मी आपला लांब बसतो. ते दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला, पिण्याच्या पाण्याजवळ खुर्ची टाकून बसले.

समिती आली. तिघं जण, पुढे सूट घातलेले अध्यक्ष. त्यांनी अगदी आदराने विचारलं, "आजोबा, तुम्ही साच्यावर खुणांनी बोलायचात?"

बाबा ताडकन उठले. हात जोडून म्हणाले, "नाय साहेब. कामाच्या टायमात आम्ही बोलत नाय."

कर्म माझं! गिरणी बंद पडून चाळीस वर्षं होत आली, पण कामावर बोलताना सापडलं की दंड व्हायचा, हे बाबांच्या अंगात अजून भिनलेलं. बोली साहेबाला कळू द्यायची नाही, हा तर साचाखात्याचा पहिला नियम. आणि समोर सूटमधला माणूस. इतक्या तालमीत ही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

अध्यक्षांनी फाइल मिटली. मी बाबांवर खेकसणारच होते, तेवढ्यात त्यांचा उजवा हात वर गेला आणि दोन बोटं भुवईवरून हलकेच फिरली.

"बघा, बघा!" मी ओरडले. "आत्ता यांनी खूण केली! भुवईवरून दोन बोटं म्हणजे साहेब आला. तिकडे बघा!"

तिकडे काका खुर्ची सोडून ताठ उभे होते. बाबांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. अध्यक्ष एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आजोबांना हवं ते त्यांना सांगू दे. ते दुसरे आजोबा तिकडे कागदावर लिहितील, तुम्ही इथे लिहा. दोन्ही जुळले पाहिजेत."

एक जण कागद घेऊन काकांपाशी गेला. बाबांनी विचारलं, "दंड नाय ना साहेब?" अध्यक्ष नाही म्हणाले. मग बाबांचे हात चालायला लागले, ओठ हलले, आणि बघता बघता सांगून झालंसुद्धा. काय तो हात! इतक्या वर्षांत एक बोट चुकलं नाही. त्याच अभिमानात मी माझ्या कागदावर अर्थ उतरवला.

काकांचा कागद आला. अध्यक्षांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, "जुळत नाही."

माझ्या कागदावर होतं, साहेबाला यातलं काही कळत नाही. काकांनी वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, साहेबाला यातलं काय कळत नाय, पोरीला कळतं.

"पुढचं तुम्हाला दिसलं नाही?"

दिसलं कसं नाही! बाबांनी खांद्यावरची नसलेली वेणी ओढली, म्हणजे पोरगी, मग कपाळावर बोट ठेवलं, म्हणजे कळतं, सगळं दिसलं होतं. दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा "बरां झालां गो" एवढंच म्हणणारे माझे बाबा.

"दिसलं सर," मी म्हटलं. "लिहायची लाज वाटली."

"साहेबाला काही कळत नाही, हे लिहायची नाही वाटली?" आणि ते खो खो हसले. कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "पूर्ण करा. अर्धं निरीक्षण मी पुराव्याला लावणार नाही."

मी पेन उचललं आणि बाबांच्या समोर, माझ्याच हाताने पुढे लिहिलं, पोरीला कळतं.