पदरासकट

खोतसर माणसाकडं बघायचे ते एक डोळा मिटून. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते, तर समोरच्या खुर्चीतले गृहस्थ एक डोळा बारीक करून माझ्याकडं टक लावून बघतायत. आली का पंचाईत, असं मनात म्हणत मी खुर्ची वळवून घेतली. तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचा डावा कान उजव्यापेक्षा खाली हाय. कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

कुणी सांगितलं नव्हतं. आई-बापांनी नाही, नवऱ्यानंही नाही. घरी जाऊन आरशासमोर पट्टी धरून बघितलं, तर खरंच खाली होता. मी गणिताची बाई. एवढी साधी गोष्ट आपल्याला दिसू नये याचं मला वाईट वाटलं आणि हसूही आलं.

ते चित्रकला शिकवायचे. गाव जयसिंगपूरच्या बाजूला, घरची शेती. कोल्हापुरात उभा जन्म काढला, पण बोली गावाकडचीच राहिली. चित्रं काढायची ती फक्त माणसांची. रंकाळा काढा, पन्हाळा काढा, म्हणून लोक मागं लागायचे, तर म्हणायचे, "डोंगराला कधी राग येत न्हाई, लाज वाटत न्हाई. त्याचं काय काढायचं?" आणि एक वाक्य तर पोरांना इतक्यांदा ऐकवलं होतं की वर्गात ते नुसते उभे राहिले तरी पोरं कोरसमध्ये म्हणायची: "दिसंल तेच काढायचं, मनाचं घालायचं न्हाई."

हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. आमचे हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांचं तैलचित्र खोतसरांकडं आलं. साहेबांच्या नाकाशेजारी हरभऱ्याएवढी चामखीळ होती, ती चित्रात जशीच्या तशी उतरली. संस्थेची मंडळी म्हणाली, सर, तेवढी घालवा. खोतसर म्हणाले, "साहेबांनी आधी डॉक्टरकडं जाऊन यावं. तोंडावरची गेली की चित्रातली बी घालवतो." शेवटी साहेबांचा फोटो लागला आणि चित्र अडगळीत गेलं. खोतसरांना त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र हा माणूस तेव्हापासून आवडायला लागला. तोंडदेखलं बोलणारी माणसं आयुष्यात भरपूर भेटतात, हा त्यातला नव्हता.

शब्दाचाही पक्का. गुऱ्हाळं सुरू झाली की काकवी आणून देतो, असं एकदा बोलता बोलता म्हणाले होते. मी विसरूनही गेले. एका रविवारी दुपारी राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात खोतसर, हातात काकवीचा डबा, अंगात ताप, डोळे लाल. मी म्हटलं, "अहो, अशा तापात कशाला आलात?" तर म्हणाले, "सांगितलं हुतं न्हवं मी?" चहासुद्धा घेतला नाही.

त्या दिवशी त्यांनी आमच्या आक्कांना पाहिलं. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यावर शिरोळकडच्या गावातून आमच्याकडं राहायला आल्या होत्या. लग्न होऊन घरात आल्यापासून मी त्यांना डोक्यावर पदर नसलेलं कधी पाहिलं नव्हतं. पोटच्या पोरांसमोर पदर, झोपेत पदर. नातवानं व्हिडिओ कॉल लावला तरी, "थांब, पदर घेऊ दे," म्हणायच्या. आम्ही थट्टा करायचो. त्या म्हणायच्या, "असू द्या. माजं मला गोड हाय."

पुढं त्या अंथरुणाला खिळल्या. डोक्याला जखमा व्हायला लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी केस कापायला सांगितलं. कातरी मीच धरली. आक्का इतक्या दुखण्यात कधी रडल्या नव्हत्या, त्या दिवशी रडल्या. अंगात गाऊन आलेला, पदर कुठला? मग त्यांची हिरवी इरकल होती, लाल पदराची, ती मी उशाशी घडी करून ठेवायची. कुणी आलं की त्या हात पुढं करायच्या आणि मी इरकलीचा पदर त्यांच्या डोक्यावरून घ्यायची.

त्यांना भेटायला आले तेव्हा खोतसरांनी विचारलं, "आक्कांचं चित्र काढू काय?" मी म्हटलं, त्यांनाच विचारा. आक्का लाजल्या. मग म्हणाल्या, "काढा की. पण मला पदरासकट काढायचं बघा, मास्तर. असलं बोडकं डोस्कं कुणाला दावू नगा."

"पदरासकटच काढतो, आक्का. शब्द दिला."

"ह्या हिरव्या इरकलीचा."

"व्हय, ह्याच इरकलीचा."

शाळा सुटली की ते यायचे. पाटावर कागद लावून पलंगाशेजारी बसायचे, आक्कांना गावाकडच्या गोष्टी विचारायचे. घरात आजारपण आहे हे तेवढा वेळ विसरायला व्हायचं. कधी बोलता बोलता आक्कांना डुलकी लागायची, पदर घसरायचा. मी सारखा करायला उठले की ते हातानंच थांबवायचे, "राहू द्या बाई, झोपमोड हुईल." मला वाटायचं, किती काळजी करतोय हा माणूस. हिरवा रंग नीट यायला पाहिजे म्हणून इरकल चार दिवस घरी घेऊन गेले आणि इस्त्री करून परत दिली. आक्कांनी ती घडी हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "मास्तर गुणाचा हाय."

दिवाळीआधी आक्का गेल्या. चित्र त्यांनी बघितलं नाही.

उन्हाळ्यात शाहूपुरीतल्या एका गॅलरीत खोतसरांचं प्रदर्शन ठरलं. त्यांच्या आयुष्यातलं पहिलं. मला म्हणाले, "आक्का मधल्या भिंतीवर हाईत. सगळ्यास्नी घेऊन या." मी गावाकडं स्वतः फोन केले. थोरले भाऊजी, वन्सं, चुलत घरातली माणसं, जीप भरून आली. वन्सं नवीन लुगडं नेसून, आईला भेटायला निघाल्यासारख्या.

गॅलरी गच्च भरलेली. दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांची भाषणं झाली. मग खोतसरांनी माझं नाव पुकारलं. शाल आणि नारळ देऊन सत्कार केला आणि म्हणाले, "ह्या चित्राचं अनावरण बाईंच्या हातनं व्हायला पायजे." मोठ्या चित्रावर पांढरं कापड होतं. मी ते धरून ओढलं.

आक्का पलंगावर बसलेल्या. कापलेले पांढरे केस, कुठं जास्त, कुठं कमी, माझ्याच कातरीचे. कानामागची जखम. मान वाकलेली. आणि हिरवी इरकल उशाशी, लाल पदर वर करून नीट घडी घातलेली. काठाची एकेक रेघ जागच्या जागी.

टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत मला एवढंच कळत होतं की आक्कांच्या डोक्यावरचं कापड मी माझ्या हातानं ओढलंय. वळून बघितलं तर थोरले भाऊजी फरशीकडं बघत उभे. वन्संनी स्वतःचा पदर कपाळापर्यंत ओढला होता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "वैनी, हे दावायला बोलावलंत व्हय आमाला?"

खांद्यावरची शाल काढली आणि चित्राच्या चौकटीवरून खाली सोडली, आक्कांचं डोकं झाकेल एवढी. खोतसर पुढं आले. वेड्यासारखं मला वाटलं, आता यांना कळलं. त्यांनी शाल उतरवली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "बाई, लोक बघायला आल्यात."

"तुम्ही आक्कांना शब्द दिला होता."

"पदर हाय की चित्रात."

"उशाशी आहे."

त्यांनी एक डोळा मिटून चित्राकडं बघितलं. मग म्हणाले, "पदर घेतलेल्या म्हाताऱ्या गल्लोगल्ली हाईत, बाई. ही एकच हाय. दिसली तशी काढली."

"मग शब्द कशाला दिलात?"

"आजारी माणसाला न्हाई कसं म्हणायचं? त्यास्नी बरं वाटावं म्हणून दिला."

एवढं मात्र मला आजही गिळता येत नाही. हेडमास्तरांना तोंडावर खरं सांगणारा माणूस, तापात फणफणत काकवी पोचवणारा माणूस. त्यानं आयुष्यात एकदाच कुणाला बरं वाटावं म्हणून गोड बोलायचं ठरवलं, आणि त्याला आमची पलंगावरची म्हातारीच सापडली? हेडमास्तर निदान भांडू शकत होते. त्यांच्यासाठी चित्र अडगळीत गेलं. आक्कांसाठी कोण भांडणार होतं? मीच ना? आणि मी तर खोतसरांना रोज चहा करून देत होते.

चित्र उत्तम होतं. हे मी रागात असूनही सांगते. त्या संध्याकाळी सगळे त्याच्याचसमोर उभे होते. एक बाई डोळे पुसत होत्या. त्याचाच मला जास्त संताप आला.

त्यानंतर मी खोतसरांशी बोलले नाही. स्टाफरूममध्ये समोरासमोर बसायचो, मी वह्या तपासायची. पुढं ते निवृत्त होऊन गावाकडं गेले. गुऱ्हाळं सुरू झाल्यावर त्यांनी कुणाबरोबर तरी काकवीचा डबा पाठवला. मी दारातूनच परत केला. वन्सं वर्षश्राद्धाला आल्या, जेवल्या, जाताना म्हणाल्या, "आईची इरकल मी नेते." मी काढून दिली. आमच्याकडं ठेवा, असं म्हणायला मला तोंड नव्हतं.

आता राग पूर्वीसारखा उसळत नाही. पण आक्कांची आठवण आली की डोळ्यांसमोर तेच येतं, कापलेले केस, वाकलेली मान. पंचवीस वर्षं पदरात बघितलेली बाई मला पदराशिवायच आठवते. पदर मला मागाहून, आठवून आठवून, त्यांच्या डोक्यावर घालावा लागतो.